झोपलेलं बाळ उठवणारी आजी

माझ्या मुलीला झोपवणं हे त्या वर्षी माझं एकमेव काम होतं, आणि ते काम उधळून लावणारी बाई आमच्या कुंपणाच्या पलीकडे राहत होती.

इथे परदेशात, अवोन्डेल नावाच्या उपनगरातलं आमचं घर भाड्याचं आणि लाकडी. कुठेही पाय ठेवला की एखादी फळी कुरकुरायची आणि बाळ दचकायचं. म्हणून ती झोपली की मी तिला प्रॅममध्ये घालून मागच्या अंगणात फिजोआच्या, म्हणजे पेरूसारख्या एका फळाच्या, झाडाखाली ठेवायची आणि आत येऊन चहा टाकायची. चहाला उकळी यायच्या आत बाहेरून रडणं सुरू. खिडकीतून पाहावं तर पलीकडची आजी जॅन्डल्स, म्हणजे रबरी सपाता, घालून आमच्या अंगणात आलेली, प्रॅमवर वाकलेली, आणि बाळाच्या तळपायांना बोटाने गुदगुल्या करत असलेली. बाळाने भोकाड पसरलं की तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान दिसायचं. मग ती आल्या वाटेने शांतपणे निघून जायची.

पहिल्या एकदोन वेळा मी हसून सोडून दिलं. नंतर डोकं फिरायला लागलं. जागरणाने अर्धमेल्या झालेल्या बाईचं बाळ मुद्दाम येऊन उठवायचं, हा कुठला शेजारधर्म? नवरा म्हणायचा, एकटी आहे बिचारी, तिला खेळायचं असेल बाळाशी. पण ती खेळायची नाही, हीच तर गोम होती. जागं असलेलं बाळ कडेवर घ्या म्हटलं तर ती हात मागे घ्यायची. जागं बाळ तिला चालायचं, रडणारं तर फारच चालायचं. झोपलेलं मात्र तिला बघवायचं नाही.

तिच्याबद्दल आम्हाला थोडंच माहीत होतं. वय ऐंशीच्या बरंच पुढे, पाठ ताठ, पोस्टातून निवृत्त झालेली, मूलबाळ नाही. आम्ही राहायला आलो त्या दिवशी तिने फिजोआची पिशवी दिली आणि एका दमात सांगून टाकलं की ती ज्यू आहे, पोलंडची आहे, वडील डॉक्टर होते, युद्धानंतर बापलेक दोघंच इथे आले, बाकीचे राहिले नाहीत. पत्ता सांगावा तसं तिने ते सांगितलं आणि पुढे तोंडाला कुलूप लावलं. मी शाळेत हा सगळा विषय शिकले होते. कारणे लिहा, परिणाम लिहा, टीप लिहा. पाठ करून चांगले मार्क मिळवले होते. त्या धड्यातलं माणूस जॅन्डल्स घालून समोर उभं राहील आणि त्याच्याशी कचरा कुठल्या वारी न्यायला येतात हे बोलावं लागेल, असं काही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

माझी प्रसूतीची रजा चालू होती आणि तिला आता गाडी चालवता येत नव्हती, म्हणून तिला हॉस्पिटलमध्ये नेणं-आणणं माझ्याकडे आलं. बाळ मागच्या सीटवर, ती पुढे. तिच्या आतड्यात गाठ निघाली होती. सर्जनबाईंनी माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं की गाठ अजून पसरलेली नाही, तब्येत काटक आहे, आत्ता काढली तर पुढची बरीच वर्षं हातात आहेत, नाही काढली तर नाहीत. आजीने ऐकून घेतलं, आभार मानले आणि नको म्हणाली. गाडीत मी कारण विचारलं. ती म्हणाली, "मला कुणी झोपवलेलं चालणार नाही." एवढंच. मी पुन्हा विचारलं तर खिडकीबाहेर बघत बसली. मला तिचा मनापासून राग आला. इतकी हुशार बाई एका इंजेक्शनला घाबरून जीव घालवायला निघाली होती, आणि गाठ काही तिच्या मर्जीसाठी थांबणार नव्हती.

त्याच सुमारास आई पुण्याहून आली. विमानतळावर बायोसिक्युरिटीच्या माणसाने तिची बाळगुटीची पुरचुंडी उलगडून वेखंड आणि मुरडशेंग काढून घेतली. जायफळ स्वयंपाकाचं म्हणून सुटलं. सहाण तर त्याने हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि दगडच आहे अशी खात्री करून परत दिली. आईने घरी येईपर्यंत त्या माणसाचा उद्धार केला.

आई आल्यावर दोन म्हाताऱ्यांची गट्टी जमली. आईचं इंग्रजी बेताचं, आजीला मराठीचा गंध नाही, तरी कुंपणावरून वाट्यांची ये-जा सुरू झाली. आई शिरा द्यायची, आजी लिंबं द्यायची. बाळाला उठवण्याचा प्रकार आईनेही पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, तिच्यात काहीतरी अडकलंय गं. मी म्हटलं, अडकू दे, माझी झोप का मोडते?

मग तो रविवार आला. सकाळी आम्ही बाजारात जाऊन मेथी-कोथिंबीर घेऊन आलो. बाळाला लस दिल्यामुळे ती दोन दिवस किरकिरत होती आणि मी रडकुंडीला आले होते. आईने सहाण काढली, दुधात जायफळाचे एकदोन वेढे उगाळले आणि बोटाने बाळाच्या जिभेला चाटवलं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या देतात, मलाही दिलेलं होतं. बाळ शांत झोपलं. मी सोफ्यावर पाय पसरले आणि देव भेटल्यासारखं वाटलं.

आजी रिकामी वाटी परत द्यायला आली तेव्हा बाळ झोपून बराच वेळ झाला होता. ती नेहमीप्रमाणे पाळण्याकडे गेली आणि तळपायाला गुदगुल्या केल्या. बाळ हललं नाही. तिने पुन्हा केल्या. आईला वाटलं, आपलं कौशल्य दाखवावं. तिने सहाण दाखवली, जायफळ दाखवलं, बोट जिभेला लावून दाखवलं आणि दोन्ही हात गालाखाली जोडून डोळे मिटले. छान झोपते यानं.

आजीचा चेहरा पांढराफटक पडला. जिने कधी बाळाला कडेवर घेतलं नव्हतं तिने तिला पाळण्यातून उचललं, उभं धरलं आणि तळपाय जोरजोरात चोळायला लागली. मी धावले. ती माझ्याकडे न बघता विचारत होती, किती दिलं? वजन किती हिचं? मी म्हटलं, वजन ठीक आहे, मागच्या महिन्यात नर्सने केलंय. ती म्हणाली, "मागच्या महिन्यात?" आणि तळपाय आणखी जोरात चोळले. तेवढ्यात बाळाने डोळे उघडले, एक क्षण आम्हा तिघींकडे पाहिलं आणि रडायला लागलं. आजीने तिला माझ्या हातात दिलं, आईकडे बोट करून म्हणाली, या बाईला औषध देऊ देऊ नकोस, आणि गेली.

आई दिवसभर जेवली नाही. तिला शब्द कळले नव्हते, बोट कळलं होतं. मीही संतापले होते. माझ्याच घरात माझ्या आईला विष देणारी ठरवून ही बाई निघून जाते म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी जाऊन चार शब्द सुनवायचे असं मी ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आली. मागच्या दारी पायरीवर बसली आणि म्हणाली, मी तुझ्या आईचा अपमान केला, तेव्हा कारण सांगणं भाग आहे.

तिने जे सांगितलं ते इंग्रजीत, मध्ये फार न थांबता. मी ते माझ्या भाषेत सांगते आहे, पण त्यात माझ्या पदरचं काही घालत नाही.

ते चौघं होते. वडील, आई, ती आणि तिची धाकटी बहीण. ती शाळेत जायच्या वयाची, बहीण नुकती चालायला लागलेली. गावातल्या ज्यूंना घेऊन जायला लागले तेव्हा वडिलांच्या एका जुन्या पेशंटने, एका शेतकऱ्याने, त्यांना धान्याच्या कोठाराच्या माळ्यावर लपवलं. त्या शेतकऱ्यालाही बायकामुलं होती. वर एक जरी आवाज झाला तरी सगळे मरणार, शेतकऱ्याचं घरसुद्धा. तिला हे सांगून कळण्यासारखं होतं. बहिणीला कसं सांगणार? ती भुकेने रडायची. झडती येणार अशी कुणकुण लागली की वडील बॅगेतून बाटली काढायचे आणि तिला झोपेच्या औषधाचे थेंब द्यायचे. ती झोपायची, झडती व्हायची, ती उठायची. असं पुष्कळदा झालं.

औषध वजनावर द्यायचं असतं. वजनाचा काटा दवाखान्यात राहिला होता आणि दवाखाना आता त्यांचा नव्हता. वडिलांना दवाखान्यातलं शेवटचं वजन लक्षात होतं. त्यातून ते अंदाजाने कमी करत गेले. मूल किती वाळलंय हे डॉक्टरला सहज कळतं, पण ते दुसऱ्याच्या मुलाचं. स्वतःची पोर रोज डोळ्यांसमोर असल्यावर ती किती वाळली हे त्यांना दिसलं नाही. एके सकाळी शेतकऱ्याने निरोप दिला की आज येणार आहेत. वडिलांनी थेंब मोजले आणि दिले.

"त्या दिवशी कुणी आलंच नाही," आजी म्हणाली.

दुपार झाली तरी बहीण उठली नाही. वडील तिचे पाय चोळत बसले. मग त्यांनी मोठीला, म्हणजे हिला, जवळ घेतलं आणि कानात सांगितलं, तू गुदगुल्या कर, तुझ्या गुदगुल्यांना ती नेहमी हसते. हिने केल्या. संध्याकाळपर्यंत करत राहिली. बहिणीच्या पापण्या थरथरत होत्या. हिला खात्री होती की ती आत जागी आहे, आतून सगळं ऐकते आहे, उठायची धडपड करते आहे, आणि तिला फक्त बाहेर येता येत नाहीये. वडील थांबले तेव्हा हिने त्यांचा हात चावला, कारण ती आत होती आणि ते थांबले होते.

बाळ माझ्या मांडीवर जागं होतं, एवढं बरं होतं.

तिची आई त्याच हिवाळ्यात तापाने गेली. बापलेक वाचले आणि एका नातेवाइकाच्या आधाराने इथे आले. वडिलांनी ओटाहुहूला मांसाच्या कारखान्यात नोकरी धरली. इथली पदवी नसेल म्हणून, असं सगळ्यांना वाटायचं. आपल्याकडचे डॉक्टर इथे येऊन टॅक्सी चालवतात हे मलाही ठाऊक आहे, त्यामुळे मीही तेच समजले असते. पण त्यांनी परत डॉक्टर होण्यासाठी कधी विचारणाच केली नाही. घरात मात्र ते एक वाक्य बोलायचे. जेवताना, बागेत, कुठेही, मागचापुढचा संबंध नसताना. "तिला काही कळलं नाही. काहीच जाणवलं नाही तिला." आजीला ते ऐकवायचं नाही. स्वतःला सोडवून घ्यायला म्हणताहेत, असं तिला वाटायचं. मोठी झाल्यावर एकदा तिने त्यांना तोंडावर विचारलं, तुम्हाला काय माहीत? तुम्ही आत होतात का? त्यानंतर त्यांनी ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. शेवटची वर्षं ते पापाकुराच्या वृद्धाश्रमात होते. ती दर आठवड्याला ट्रेनने जायची, शेजारी बसायची आणि हवापाण्याचं बोलून परत यायची. ते गेले तेही तसंच, हवापाण्याच्या गोष्टी करत.

बहिणीचं नाव तिने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता मला तिचा नकार कळला. तिला मरणाची भीती नव्हती. झोपवल्यावर आपण आत जागे राहू, सगळं ऐकू, आणि बाहेर येता येणार नाही, याची होती. आणि खरं सांगायचं तर ही भीती त्या दिवशी मलाही लागली. मी बाळाला झोपवायची आणि पुढच्या क्षणी तिच्या नाकाशी बोट धरायची. पापणी हलली की जीव खालीवर व्हायचा. आता ती शाळेत जाते, मराठीत हाक मारली तर "व्हॉट?" म्हणून ओ देते, तरी ती झोपली की मी तिच्या तळपायाला हळूच बोट लावून बघते. तिने पाय ओढून घेतला की मगच मी खोलीबाहेर पडते. हे नवऱ्यालाही माहीत नाही.

आईला मी सगळं मराठीत सांगितलं. ती पदराला हात पुसून कुंपणापलीकडे गेली, मला भाषांतराला बरोबर घेऊन. ती आजीला म्हणाली, "तुमच्या जागी मी असते तर मीही उठवलं असतं." मी ते इंग्रजीत सांगितलं. आजीने मान हलवली. दोघी बराच वेळ ओट्यावर बसून राहिल्या आणि मला तिथे काही कामच उरलं नाही.

ऑपरेशनचं मी लगेच काढलं नाही. काढलं ते आठवड्याभराने, आणि फार शहाणपणाने नाही. मी चिडूनच म्हणाले की तुम्ही अशा मेलात तर मला चालणार नाही, आणि तुम्ही गेल्यावर माझ्या पोरीला उठवणार कोण? ती हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होते. म्हणाली, त्या भूल देणाऱ्या माणसाला एकदा भेटते, कबूल काही करत नाही.

भूल देणारा डॉक्टर तरुण होता, कानात बाळी घातलेला. "किया ओरा" असा इथला नमस्कार करून त्याने खुर्च्या ओढल्या आणि कागद पुढे घेतला. आजीने विचारलं, औषध किती द्यायचं हे तू कसं ठरवणार? तो म्हणाला, वजन, वय, हृदय, बरंच काही. तिने विचारलं, माझं वजन तू कुठून घेतलंस? त्याने कागद दाखवला. तिने विचारलं, ते कधीचं आहे? त्याने तारीख पाहिली, काही न बोलता उठला आणि तिला स्वतः काट्यावर उभं केलं. वजन कमी भरलं. त्याने जुना आकडा खोडून नवा लिहिला आणि म्हणाला, ऑपरेशनच्या सकाळी मी पुन्हा करणार आहे.

मग तिने विचारलं, एकदा झोपवलं की तू काय करतोस? तो म्हणाला, मी बसतो. औषध देणं हे थोडं काम आहे, बसणं हे खरं काम. तुम्ही उठेपर्यंत मी डोक्याशी बसलेला असतो, उठून जात नाही.

"माझे वडीलही बसले होते," आजी म्हणाली. त्याला अर्थातच कळलं नाही. पण त्याने मान खाली घातली, घाबरू नका वगैरे काही म्हणाला नाही. गाडीत बसल्यावर ती म्हणाली की तो घाबरू नका म्हणाला असता तर मी उठून आले असते. फॉर्मवर तिने सही केली होती.

ऑपरेशनच्या दिवशी मी तिच्याबरोबर दारापर्यंत गेले. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. तिला आत नेलं आणि मी खाली येऊन गाडीत बसून रडले. तिच्यासाठी रडले, आणि मीच तिला इथपर्यंत ढकललं म्हणूनही. ती उठली नाही तर हे माझ्या डोक्यावर राहणार होतं.

ती उठली. दुपारी वॉर्डमध्ये मला सोडलं तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, ओठ कोरडे पडलेले, डोळे टक्क उघडे. गाठ पूर्ण निघाली असं नर्सने सांगितलं. मी आनंदाने तिचा हात धरला. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. रडून रडून तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं दुखतंय, मी नर्सला हाक मारायला निघाले. तिने मला थांबवलं.

"काही नव्हतं," ती म्हणाली. "तो बोलत होता, आणि मग इथलं छत दिसलं. मधे काही नव्हतं. अंधारही नव्हता. आत कुणीच नव्हतं."

मी म्हटलं, बरं झालं ना मग.

"ते खरं सांगत होते. तिला काही कळलं नव्हतं. त्यांना ते माहीत होतं, ते डॉक्टर होते. आणि मी त्यांना आयुष्यभर खोटं ठरवलं." मग लहान मुलीने विचारावं तसं तिने मला विचारलं, "आता हे मी कुणाला सांगू?"

मी म्हटलं, मला सांगा.

ती म्हणाली, "तुला नाही गं."